नाव कुठे आहे?

आज अनुवादाची छापील प्रत हातात आली. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक, माझं कुठेच नाही. आत, छपाईच्या तपशिलाखाली, बारीक टायपात सापडलं. फार लागलं मनाला.

यातल्या म्हातारीचं बोलणं मराठीत बसेना म्हणून पहिलं प्रकरण मी पाच वेळा मोडून लिहिलं. शेवटी तिच्या तोंडी ‘बाई गं’ आलं आणि ती घडाघडा बोलायला लागली. ते ‘बाई गं’ मूळ पुस्तकात नाही. ते माझं आहे.

पैशाचं म्हणाल तर एकरकमी मानधन. आवृत्त्या कितीही निघोत.

१८८६चा बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, अनुवादालाही मूळ कृतीसारखंच संरक्षण देतो. १९२८ साली रोममध्ये त्यात भर पडली: आर्थिक हक्क विकले तरी कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. नाव देणं ही मेहेरबानी नव्हेच!

संध्याकाळी संपादकांना फोन केला. पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर नाव हवं, स्पष्ट सांगितलं. “बघू,” म्हणाले. पुढच्या पुस्तकाच्या करारात नावाचं आणि रॉयल्टीचं कलम आत्ताच घातलंय.

आणि हो, मुखपृष्ठाचं चित्र काढणाऱ्या मुलीचं नाव तर आतही नाही. उद्या तिच्यासाठी पुन्हा फोन करणार आहे.