बाबांच्या वावरातील पाऊस, डार्मस्टाटहून पाहताना

युरोपच्या हवामान उपग्रहांचा कारभार पाहणाऱ्या युमेटसॅट या संस्थेचे मुख्यालय जर्मनीतील डार्मस्टाट या शहरात आहे. मी याच शहरात राहतो आणि उपग्रहांकडून आलेली जुनी-नवी माहिती तपासणे, जुळवणे व जतन करणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या जुलैमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो असताना बाबांना आदल्या सायंकाळचे ढगांचे चित्र दाखवले. बराच वेळ निरखून पाहिल्यावर त्यांनी विचारले, "आपल्या वावरात तासभर पानी पडलं, मंग तुह्या चित्रात ढग पल्याडच्या गावावर काहून दिसते?"

हा प्रश्न आमच्या कामाच्या मुळाशीच जातो. हिंद महासागरावर लक्ष ठेवणारा मेटिओसॅट-९ हा उपग्रह २०२२ पासून ४५.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे सोमालियाजवळच्या समुद्रावर, विषुववृत्ताच्या सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. तेथून विदर्भ तिरका दिसतो, त्यामुळे १२ किलोमीटर उंच गेलेल्या ढगाचा माथा चित्रात जवळपास तेवढाच पूर्वेकडे आणि किंचित उत्तरेला सरकलेला उमटतो. २०१३ साली सोडलेला आपला इन्सॅट-३डी ८२ अंशांवरून पाहत असे. त्याच्या चित्रात हाच ढग उत्तरेला, पण कमी सरकलेला दिसला असता.

या भागावर १९९८ साली मेटिओसॅट-५ आणला गेला तो ६३ अंशांवर. पुढे मेटिओसॅट-७ ५७.५ वर आणि २०१६ मध्ये मेटिओसॅट-८ ४१.५ वर आला. म्हणजे आमच्या गावावरचा ढग दर उपग्रहागणिक वेगळ्या जागी दिसत गेला, आणि पंचवीसएक वर्षांची चित्रे सलग वाचायची तर प्रत्येक चित्रासोबत ते कोठून टिपले याची नोंद शाबूत असावी लागते. चित्र जपले आणि ही नोंद हरवली, तर त्या चित्रावरून गावाच्या पावसाबद्दल काहीही खात्रीने सांगता येत नाही.

वेळेचेही तसेच आहे. आपल्याकडे पर्जन्यमापकाची नोंद सकाळी ८.३० वाजता घेतात, म्हणून सोमवारी सायंकाळी कोसळलेला पाऊस मंगळवारच्या तारखेखाली लिहिला जातो. उपग्रहाचे घड्याळ जागतिक वेळेवर चालते, आणि आपले साडेआठ म्हणजे तेथील पहाटेचे ३. नोकरीच्या सुरुवातीला मी मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरून दोन्हींची तुलना केली आणि उपग्रहाचा अंदाज चुकतो असा निष्कर्ष काढला. चूक माझ्या जुळणीत होती, आणि ती उमगेपर्यंत दोन महिने गेले. तेव्हापासून कोणतीही आकडेवारी हाती आली की मी आकड्यांच्या आधी त्यांची वेळ वाचतो.

बाबांजवळ पावसाची वही आहे. मी नेऊन दिलेल्या प्लास्टिकच्या पर्जन्यमापकातील पाणी मोजून ते त्यात नक्षत्र, तारीख आणि मिलिमीटर लिहितात. निघताना मी त्यांना पाऊस सुरू झाल्याची व थांबल्याची वेळही लिहायची विनंती केली, कारण उपग्रहाचे चित्र दर १५ मिनिटांनी येते आणि वेळ कळली तर नेमका तो ढग शोधता येतो. परवा त्यांनी फोनवर पानाचा फोटो पाठवला. पऱ्हाटीला खत दिल्याच्या टिपणाखाली लिहिले होते: पुष्य, २२ मिमी, सायंकाळी ५.४० ते ६.२५. मी त्या वेळची चित्रे काढली आणि माथ्याचे सरकणे वजा केले, तेव्हा ढग आमच्या धुऱ्यावर येऊन बसला.