आधी नाव, मग गाणं

जानेवारी संपत आला की मला आमच्या पेठेतल्या मंडळाची ती संध्याकाळ हमखास आठवते. २८ जानेवारी, गायिका सुमन कल्याणपूर यांचा वाढदिवस. त्या जन्मल्या ढाक्याला, वाढल्या मुंबईत, पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्या दिवशी घरातलंच कुणाचं तरी कार्य असल्यासारखी गडबड असायची.

खाली कुस्तीची तालीम, वर मंडळाची खोली. सतरंज्या अंथरलेल्या, टेबलावर गाणी लावणाऱ्या आण्णांचा रेकॉर्ड प्लेअर, शेजारी रेकॉर्डींची चळत, आणि खालनं लाल मातीचा नि तेलाचा वास वर यायचा. गुऱ्हाळं चालू असायची त्यामुळं कुणीतरी ताजा गूळ आणायचंच, शेंगांबरोबर तो वाटला जायचा. बायका शाली गुंडाळून पुढं, आम्ही पोरं खिडकीत.

आण्णांचा नियम एकच, आधी नाव मग गाणं. चाल कुणाची ते सांगायचं आणि मग सावकाश, अख्खं नाव घ्यायचं, गायिका सुमन कल्याणपूर, आणि मगच सुई रेकॉर्डवर. सगळ्यांना माहीत असताना दरवेळी कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बाळा, हिचं गाणं ऐकून लोकं दुसऱ्याच बाईंचं नाव घेत्यात. आपल्या मंडळात तरी तसं व्हायला नको." आणि खरंच की वो, आवाज लताबाईंच्या इतका जवळचा की रेडिओवर गाणं मधनंच कानावर पडलं तर भलेभले चुकायचे.

साठच्या दशकात रॉयल्टीवरनं लताबाई आणि रफीसाहेबांचं बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, तेव्हा रफींबरोबरची कितीतरी गाणी सुमनताईंकडं आली, १९६५ चं 'ना ना करते प्यार', १९६८ चं 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे'. हे नशिबानं मिळालं असं म्हणणारे भेटतात, मला ते अजिबात पटत नाही. संधी आली असेल, पण गळा तर त्यांचाच होता ना! खय्याम यांचं 'ठहरिए होश में आ लूँ' ऐका, त्यात त्या नुसतं "उंहूं" म्हणतात, तेवढ्यासाठी आण्णा सुई परत मागं न्यायचे आणि कुणाचीच तक्रार नसायची.

पण मंडळात खरा जोर मराठीचा. 'केशवा माधवा'ला सगळी खोली टाळ्या धरायची, 'केतकीच्या बनी' लागलं की पुढच्या मावशी डोळे मिटून घ्यायच्या, आणि शेवटाला ठरलेली अंगाई, 'निंबोणीच्या झाडामागे'. तेव्हा खालचे पैलवान मेहनत आटपून, अंगाला माती तशीच, जिन्यावर ओळीनं येऊन बसायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत, सतरंजी खराब होईल म्हणून. एवढी दांडगी माणसं, पण अंगाई संपेपर्यंत जिन्यात कुणी हलायचं नाही. पुढं मी बऱ्याच मैफली ऐकल्या, मोठमोठ्या हॉलमध्ये ऐकल्या, पण तसं ऐकणारी माणसं मला परत कुठं दिसली नाहीत.

पुढं कॅसेटी आल्या, मग मोबाईल. माणसं कमी झाली, आण्णाही थकले, पण २८ तारीख काही चुकली नाही.

२०२३ ला २५ जानेवारीच्या रात्री सुमनताईंना पद्मभूषण जाहीर झाला, वयाची ८६ वर्षं पुरी व्हायला तीनच दिवस बाकी होते. त्या वर्षी खोली गच्च भरली, मुंबई-पुण्याला गेलेली पोरंसुद्धा आली होती. आण्णांनी जुना रेकॉर्ड प्लेअर पुसून आणलेला. काठी भिंतीला लावून ते उभे राहिले आणि म्हणाले, "गायिका, पद्मभूषण सुमन कल्याणपूर." टाळ्या सुरू झाल्या, जिन्यावरच्या तालमीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, थांबायचं कुणी नावच घेईना, आणि आण्णा सुई दोन बोटांत धरून वाट बघत तसेच उभे.