वजा नऱ्हे, अधिक नऱ्हे

वजा नऱ्हे. अधिक नऱ्हे. वजा गोऱ्हे बुद्रुक. अधिक गोऱ्हे बुद्रुक.

दोन फायलींत काय बदललं ते सांगणं, एवढंच डिफचं काम. त्या सकाळी तो माझ्या कानात ठामपणे सांगत होता की बदललंय, आणि मला काडीचा फरक ऐकू येत नव्हता.

मी जन्मांध आहे, पुण्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे. काम एका ग्राहकाचं. लोक फोनवरून मराठीत अर्ज भरतात, गावाचं नाव टाइप करतात आणि आमची सिस्टिम ते नाव गावांच्या यादीशी जुळवून बघते. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड दिलेला आहे. तो असताना नावावर जुळवायची बुद्धी कोणाला झाली, ते विचारू नका, मी आलो तेव्हा ते तसंच होतं. तर गावांची नवी यादी आली, आदल्या रात्री चढवली, आणि सकाळपासून ठरावीक गावांचे अर्ज ‘गाव सापडले नाही’ म्हणून परत यायला लागले.

मी पोचलो तेव्हा तिघं जण एका मॉनिटरला चिकटून उभे होते. जुनी यादी डावीकडे, नवी उजवीकडे, तुलनेचं टूल उघडलेलं. “डावीकडे लाल, उजवीकडे हिरवं, आणि शब्द सेम टू सेम,” टेस्टर म्हणाली. एकाने निदान केलं, टूलच गंडलंय. दुसऱ्याने ओळीच्या शेवटच्या अदृश्य खुणांवर संशय घेतला, स्पेसकडे दुर्लक्ष करायची टिक मारली. लाल लालच राहिलं. मग चहा.

दोन खिडक्या शेजारी शेजारी मांडणारी ही टूलं माझ्या उपयोगाची नाहीत. फोकस एका खिडकीत असतो, स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, तीच एक फाइल वरून खाली वाचत सुटतो आणि फरक मात्र रंगात असतो. बदललेली ओळ आणि न बदललेली ओळ मला एकाच आवाजात ऐकू येते. मला लागतो तो साधा मजकुरातला डिफ: ओळीच्या सुरुवातीला वजा असेल तर गेली, अधिक असेल तर आली, नुसती जागा असेल तर आहे तशीच. मूळ डिफ १९७४ साली युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर आला, डग्लस मॅकिलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेल लॅब्समध्ये तयार केलेला. तेव्हा टर्मिनल म्हणजे कागदावर खडखड छापणारं यंत्र, रंगाचा प्रश्नच नव्हता, म्हणून सगळं अक्षरांतच सांगावं लागलं. आंधळ्यांचा विचार कोणी केला नव्हता, तरी आमचं भलं झालं. पुढे रंग आले आणि टूल बनवणारे आळशी झाले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये जागा बदललेल्या ओळी वेगळ्या दाखवायची सोय आहे, पण ती फक्त रंगात. व्हीएस कोड या एडिटरवाल्यांनी मात्र डोकं वापरलंय: डिफ उघडून एफ सेव्हन दाबलं की फरक एकाखाली एक, ओळीने वाचता येतील असे समोर येतात. ऑफिसात हे बटण माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

एनव्हीडीए हा माझा रोजचा स्क्रीन रीडर. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलेला, फुकट. कोड वाचताना विरामचिन्हं सगळी बोलायला लावलेली, वेग असा की शेजारचा म्हणतो तुझ्या कानात डास अडकलाय. पायथन भाषेतल्या कोडच्या ओळी किती आत सरकल्यात ते मी सुरांवर ऐकतो. प्रत्येक स्पेसला सूर जरा चढतो, त्यामुळे चुकीच्या जागी पडलेली ओळ बेसूर लागते. पुण्याच्या वाडिया कॉलेजात शिकलेले टी. व्ही. रामन यांनी १९९५मध्ये ईमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं ईमॅकस्पीक काढलं, त्यात तर कॉमेंटला एक आवाज आणि कोडला दुसरा. मी वर्षभर वापरून पाहिलं. ऑफिसचं विंडोज आडवं आलं.

तर वजा नऱ्हे, अधिक नऱ्हे. शब्दाशब्दांचा डिफ काढला, त्यात चौकटी कंस, वजा, नऱ्हे, वजा, महिरपी कंस, अधिक, नऱ्हे, अधिक. तेच. मग अडणाऱ्या गावांची नावं ओळीने ऐकली: नऱ्हे, गोऱ्हे बुद्रुक, कोऱ्हाळे. आंबेगाव चालतंय, धायरी चालतेय. ऱ्ह तेवढा अडतोय.

मग बाइट्सवर, म्हणजे अक्षरं फायलीत ज्या कोडआकड्यांत साठतात त्यांवर, उतरलो. युनिकोडच्या यूटीएफ-८ फायलीत मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, आणि सुरुवात कायम ई झीरो. त्यामुळे मराठी मजकुराचे बाइट्स ऐकताना एक ठेका बसतो. जुन्या फायलीतला नऱ्हे: ई झीरो ए फोर ए एट, ई झीरो ए फोर बी वन, ई झीरो ए फाइव्ह एट डी, ई झीरो, ई झीरो. पाच चिन्हं, पंधरा बाइट्स. नवीन फायलीतला: ई झीरो, ई झीरो, ई झीरो ए फाइव्ह एट डी, ई टू एट झीरो एट डी. ठेका तुटला. पाच मात्रांत कोणीतरी सहावी घुसवली होती, तीही परक्या घरातली. हिचा आणि आधीच्या चिन्हाचा शेवट एट डीच असल्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं रीडरच अडखळला, म्हणून परत ऐकलं. ई टू.

ती ई टूवाली म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. हा अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे हा न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. तिसरीही आहे, र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. तिचीही सहाच चिन्हं, म्हणजे नुसती लांबी मोजणारा पुन्हा फसला. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिली आणि तिसरी एक करतं, जोडकाच्या वाट्याला जात नाही. ते आपणच करायचं.

“तुला कसं दिसलं रे?” टीम लीड मॅडम म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर त्यांच्याइतकंच मलाही दिसलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला, मी कानांवर ठेवला नाही, इतकंच. जेवणापर्यंत मी हिरो होतो.

जेवणानंतर दुरुस्ती टाकली: जोडकवाला र दिसला की त्याचा ऱ कर, मग जुळव. चाचणीला जोडकवाला नऱ्हे फॉर्ममध्ये भरला. गाव सापडले नाही. पुन्हा भरला. नाही. अक्षरं मोजली तर माझ्या दुरुस्तीपर्यंत जोडक पोचतच नव्हता, वाटेतच कोणीतरी तो खात होतं. शोधत गेलो तर आत येणारा मजकूर साफ करणारं सहा ओळींचं फंक्शन निघालं. शून्य रुंदीचं जे दिसेल ते काढून टाकणारं. कुठली ओळ कोणी लिहिली ते सांगणारा ब्लेम लावला. रीडरने शांतपणे माझं नाव वाचलं.

दोन वर्षांपूर्वीचा कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल. चॅटमधून चिकटवलेल्या मजकुरात न दिसणाऱ्या खुणा येत, माझा रीडर त्या गिळायचा, कोड मात्र फुटायचा, आणि एकदा मी अख्खी दुपार त्यात घालवली होती. म्हणून रागाने सगळ्यांचा काटा काढला. कमिटच्या मथळ्यात मीच लिहिलंय: ‘अदृश्य कचरा काढला’. रिव्ह्यू करणाऱ्याने पाच मिनिटांत पास केला होता.

“अगं, पण जोडक काढला की उरतं काय?” मी टेस्टरला विचारलं.

“रफार. नर्हे.” मग जरा थांबून म्हणाली, “असे तर रोज येतात. ऑपरेटर हाताने दुरुस्त करतात.”

रफार मला ऐकू येत नाही. माझा आवाज नर्हे आणि नऱ्हे एकसारखेच म्हणतो, आणि शाळेत ब्रेलमध्ये मी दोन्ही एकाच पद्धतीने लिहिले: टिंब चार, र, ह. दर्या आणि दऱ्या मी वाक्यावरून ओळखतो. टेस्टरने स्टेपलरची पिन वाकवून माझ्या बोटाखाली ठेवली, “हा असा, ह च्या आधी, आडवा.” मग तीच उचलून टेबलावर वर सरकवली, “आणि हा डोक्यावर बसतो.” चाळिशीला आलो, दोन्ही र वेगळे दिसतात हे बोटाला पहिल्यांदा कळलं.

म्हणजे दोन वर्षं ज्या लोकांच्या फोनने जोडकवाला र लिहिला, त्यांच्या गावाच्या डोक्यावर मी रफार चढवत होतो. आणि आमच्या डोळस मंडळींना तो रोज दिसत होता. त्यांनी त्याचा अर्थ काय लावला? लोकांना स्वतःच्या गावाचं नाव नीट लिहिता येत नाही. मीटिंगमध्ये यावर विनोद झालेले मला आठवतात. मी हसलो होतो का, ते आठवत नाही.

मॅडमना घाई. “सगळ्या र्ह चा ऱ्ह करून टाक, विषय संपव.” मी म्हटलं, मॅडम, मग अर्हता या रकान्याच्या मथळ्याचंच अऱ्हता होईल, आणि यादीत अर्हम नावाची मुलं आहेत. त्यांच्या डोक्यावरचा रफार खरा आहे. गावांचं भागलं, नर्हे नावाचं दुसरं गाव नाही. पण अर्जदारांची नावं, आडनावं, पत्ते, सगळं त्याच सहा ओळींतून गेलेलं. मूळ काय टाइप केलं होतं ते कुठेच साठवलेलं नाही. ते न साठवायचं ठरवणाराही मीच असेन, ब्लेम अजून लावलेला नाही.

संध्याकाळी ग्राहकाकडच्या ऑपरेटर ताईंना फोन केला, चूक आमची होती हे सांगायला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणजे आता माझी वही बंद करू ना?”

“कुठली वही?”

शंका आली की त्या अर्जदाराला फोन लावायच्या, नाव विचारायच्या आणि अर्ज क्रमांकापुढे लिहून ठेवायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. दोनशे पानी, दुसरी चालू आहे. अर्जातली चूक, त्यापुढे बरोबर नाव, हाताने.

“ताई, फेकू नका. मला वाचून दाखवाल?”

शनिवारी बसलो. त्या फोनवर वाचतात, मी टाइप करतो. पहिल्या पानावर दोघंही अडकलो, कारण त्या म्हणाल्या गोऱ्हे आणि मी विचारलं, कुठला र? आता त्या नावाआधी नुसतं ‘आडवा’ किंवा ‘डोक्यावर’ म्हणतात. आडवा, गोऱ्हे. आडवा, कुऱ्हाडे. डोक्यावर, अर्हंत. पहिल्या वहीची एकोणीस पानं झाली.