बिअरवरची साय

घरी बिअर करणाऱ्याला सगळ्यात जास्त छळते ती शंका. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं पाणी हॉप्सची कडवट फुलं घालून उकळलं, गार केलं, यीस्ट सोडून झाकण लावलं, की पुढचं सगळं यीस्टच्या मर्जीवर. आपण फक्त टॉर्च घेऊन तळघरात खेपा घालायच्या. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक मिळाली. या खेपांवर इलाज अजून निघालेला नाही.

इथे मिशिगनमध्ये आमच्या तळघरात सध्या असाच एक घाणा संशयित आहे. वर पांढरं काहीतरी दिसतंय. आता पांढऱ्यातही प्रकार असतात. फिकट तपकिरी, ओबडधोबड बेटं आणि त्यांत अडकलेले हॉप्सचे हिरवे कण, हे आपलंच यीस्ट. केसाळ, हिरवट-काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिथे विचार करत बसायचं नाही, ओतून द्यायचं. आमच्याकडे आहे ते मधलं. कोरडी, सुरकुतलेली पातळ साय, खाली फुगे अडकलेले, बादलीला जरा धक्का लागला की तडा जाणारी. म्हणजे बाहेरचं कुणीतरी आत शिरलंय: रानटी यीस्ट, नाहीतर दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद.

तेही आमचं सोवळं आजीच्या लोणच्याच्या सोवळ्याहून कडक असताना! गार झालेल्या रसाला लागणारी प्रत्येक वस्तू स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढलेली. पण प्लॅस्टिकच्या नळीवरचा एक ओरखडाही या मंडळींना राहायला पुरतो.

पोटाची भीती फारशी नसते. अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स यांपुढे रोगजंतूंचा टिकाव सहसा लागत नाही. बिघडते ती चव. म्हणून डोळ्यांवर न जाता हायड्रोमीटर बुडवायचा; तो पाण्याच्या तुलनेत घनता सांगतो, आणि साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. आकडा १.०१२ला स्थिरावला तर ठीक. तो १.००४च्याही खाली सरकत राहिला, तर नेहमीच्या यीस्टने सोडून दिलेली साखर कुणीतरी खातंय. अशी बिअर घाईने बाटलीत भरली की आत वायू साठत जातो आणि बाटली फुटते. खरा धोका तो, काचांचा.

गंमत म्हणजे याच पाहुण्यांसाठी ब्रसेल्समध्ये दारं उघडी ठेवतात. तिथले कॅन्टिलॉन नावाचे बिअरवाले थंडीत उकळता रस माळ्यावरच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात, मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. त्या आंबट बिअरसाठी लोक खळखळ न करता पैसे मोजतात. उलट कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीत हॅन्सन या शास्त्रज्ञाने १८८३मध्ये शुद्ध यीस्ट वेगळं काढलं, म्हणजे असल्या पाहुण्यांना मज्जावच. पुढे १९०४मध्ये त्याच कार्ल्सबर्गच्या क्लॉसेनने सांगितलं, की मुरवलेल्या इंग्लिश बिअरची खरी चव ब्रेटॅनोमायसिस या रानटी यीस्टमुळे येते. मला यात क्लॉसेनचं जास्त पटतं, पण ते दुसऱ्याच्या बादलीबाबत.

सध्या बादलीच्या तोटीतून थोडी काढून चाखली. जराशी आंबट, मागून कच्च्या सफरचंदाची झाक, वाईट नाही. व्हिनेगरचा वास आला असता तर सरळ मोरीत गेली असती. आता झाकण उघडायचं नाही, कारण हवा मिळाली की व्हिनेगर करणारे जिवाणू टपलेलेच असतात. उन्हाळ्यापर्यंत मुरू दे. नळी, तोटी आणि एअरलॉकचं (वायू बाहेर सोडून हवा आत न घेणाऱ्या झडपेचं) रबर मात्र, निकाल काहीही लागो, कचऱ्यात जाणार.