वारसा सप्ताहातली आमची व्याख्यानं

आमच्या गावचं संग्रहालय म्हणजे वाचनालयाची मागची खोली. दोन काचेची कपाटं, एक फुटका वीरगळ आणि वखरताना वावरात सापडलेलं बरंच काही. पण १९ ते २५ नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह आला की या खोलीला लग्नघराची कळा यायची. पत्रिकेत वेळ सहाची छापलेली असे. कापूस वेचून आलेल्या बायांचा सैपाक उरकेपर्यंत मात्र व्याख्यान सुरू होत नसे. तेवढ्या वेळात सत्कार व्हायचे. त्यांच्याविषयी न बोललेलंच बरं.

शिवकाळावरच्या व्याख्यानाला गर्दी हुकमी, पण प्रश्न कोणी विचारत नसे; सगळं सगळ्यांना आधीच पाठ! रंग चढायचा तो आपल्या भागाचं नाव निघालं की. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक प्रभावतीगुप्ता तिथं नांदली आणि नवरा रुद्रसेन गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं राज्य चालवू लागली. तिचा ताम्रपट पडद्यावर दाखवत पाहुण्या बाई म्हणाल्या, "यात आधी वंशावळ येते ती गुप्तांची. गोत्रही माहेरचंच, धारण." बायांच्या बाजूला खसखस पिकली. "माहेर एवढं मोठं असल्यावर कोण नाही सांगणार जी?" एक आजी बोलल्या. बाईही हसल्या. वाकाटक दरबारात गुप्तांचं वजन किती होतं, हे अभ्यासक यावरूनच ताडतात, म्हणाल्या.

नायकुंडची संध्याकाळ तर विसरणं शक्य नाही. पारशिवनी तालुक्यात पेंचच्या काठी महापाषाणयुगातली, म्हणजे दफनांवर मोठाले दगड रचणाऱ्या लोकांच्या काळातली, लोखंडाची भट्टी सापडली, तिच्यावर व्याख्यान होतं. पडद्यावर मातीची नळी आली, भट्टीत हवा फुंकायची. मागून आमच्या गावचे म्हातारे लोहारबाबा उठले. "नळी किती कललेली होती?" वक्ते थबकले. बाबांनी हात तिरपा धरून दाखवला. "सरळ ठेवली त नळीत मळ भरते, साहेब." मग माईक राहिला बाजूला आणि दोघांचंच सुरू झालं. पुढच्या वर्षीपासून बाबांची खुर्ची पहिल्या रांगेत.

त्याच काळातल्या शिळावर्तुळांचा विषय निघाला की सभा जरा सावध व्हायची. आमच्याकडे कुणाकुणाच्या धुऱ्यालगत असे गोलात मांडलेले मोठे गोटे आहेत. "सांगितलं त वावर सरकार घेईन का?" हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दरवर्षी त्याचं उत्तर गोलमोलच मिळायचं. वारसा जपा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर तयार ठेवूनच यावं, असं माझं तेव्हाही मत होतं.

आभारानंतर चहा आणि चिवडा. वर्ध्याकडचे एक जावईबापू हटकून वाद काढायचे: वाकाटकांची पुढची राजधानी प्रवरपूर म्हणजे आमचं पवनारच, इतिहासकार वा. वि. मिराशींनी सांगितलंय! प्रवरपूर म्हणजे रामटेकजवळचं मनसर, असं म्हणत आमची मंडळी तिथल्या उत्खननाचा दाखला देऊन तुटून पडायची. एसटीचा कंडक्टर घंटी मारत राहायचा आणि जावईबापू खिडकीतून डोकं काढून "पवनारच!" म्हणत निघून जायचे.