सांगोला आणि 192 मतं

"सांगोला म्हणजे गणपतराव. दुसरं कोण निवडून येणार होतं तिथे?" आज चहाच्या टपरीवर हे कानावर पडलं आणि डोक्यातच राहिलं.

गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून अकरा वेळा आमदार, हे खरंच. पहिल्यांदा 1962, शेवटचं 2014, पक्ष कायम शेकाप (शेतकरी कामगार पक्ष). पण 1972 ला पडले होते, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला शहाजीबापू पाटलांनी (हो, तेच 'काय झाडी'वाले) हरवलं. किती मतांनी? 192! अहो, एका बूथवरच हजारभर नावं असतात.

2019 ला आबासाहेब (म्हणजे गणपतराव) उभे नव्हते. नातू अनिकेत 768 मतांनी पडले, बापू पुन्हा आमदार. 2024 ला दुसऱ्या नातवाने, बाबासाहेबांनी, जागा परत शेकापकडे आणली.

याला एकतर्फी म्हणायचं?