दादासोबत मीटिंगला

(दादाला विचारूनच लिहितेय.)

आज नौपाड्यात एका शाळेच्या वर्गात एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) ओपन मीटिंग होती, म्हणजे घरच्यांनाही बसता येतं अशी. मोठमोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. फी नाही, फॉर्म नाही, आडनावही विचारत नाहीत. शेवटी पिशवी फिरते, तीत सदस्यच जमेल तेवढं टाकतात. बाहेरची देणगी चालत नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत हे सुरू केलं, त्यातला एक चक्क डॉक्टर!

तिथे म्हणतात, फक्त आजचा दिवस प्यायची नाही. आम्ही मात्र घरी आयुष्यभराच्या शपथा घ्यायला लावत होतो, आईच्या, गणपतीच्या.

चहा वाटायचं काम दादाला दिलं. हात थरथरत होता, अर्धा चहा बशीत. कुणी वळूनही पाहिलं नाही.

रिक्षात म्हणाला, "गुरुवारी परत आहे."